लग्नासाठी करून घेतलेली सागवानी टेबलं
काम एक नंबर, दर जरा चढा, आणि तारखेच्या बाबतीत सुतार तो सुतारच.

डिसेंबरात पुतणीचं लग्न सोलापूरजवळ होटगीकडच्या शेतात केलं. तिला फोटोत दिसतात तशी रांगडी लाकडी टेबलं हवी होती. मंडपवाल्याकडं काय, पत्र्याची घडीची टेबलं आणि वर झालर. मग अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडं जुन्या लाकडाचं काम करणाऱ्या एका मामांना सहा टेबलं सांगितली, घरच्या पंगतीपुरती. बाकी वऱ्हाड बुफेला.

मामा पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी तुळया आणून फळ्या चिरतात. टेबल ८ फूट लांब, ३ फूट रुंद, ३० इंच उंच; बाक १८ इंचांचे. रांगडं म्हणजे ओबडधोबड असं काही नाही. खिळ्यांची जुनी भोकं, काळे डाग तसेच ठेवलेत, पण घासकाम असं की शालूचा धागा अडकायचा नाही. खरी कारागिरी खाली वाकून बघा. फळ्या आडव्या पट्टीला जाम आवळलेल्या नाहीत, स्क्रूची भोकं लांबट ठेवलीत. "लाकूड उन्हाळ्यात आकसतंय, पावसाळ्यात फुगतंय. हलायला जागा नाही दिली की तडकलंच म्हणून समजा," इति मामा. सोलापूरचा मे काढून झालाय. फळ्यांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली, तडा एकही नाही.

वरून पॉलिश नाही, जवसाचं तेल. तेलाच्या चिंध्या मामा तारेवर पसरून वाळवतात; ढीग करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात म्हणे, आणि ते खरंच आहे. या तेलाचा तोटा एकच, शेंगाचटणी सांडली की डाग मुरतो. सनमायकासारखं पुसून चकचकीत हवं असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

बाकांबद्दल मात्र तक्रार आहे. नऊवारीतल्या बायकांना पाय पलीकडं टाकून बसता येईना, आणि गुडघेदुखीवाल्यांना पाठ टेकायला काही नाही. शेवटी मोठ्यांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्याच आल्या. एका बाजूलाच बाक सांगा, पैसेही वाचतील.

दोन बाकांसह एक टेबल २२ हजारांना पडलं, टेम्पो वेगळा. आठवडाभर आधी द्यायचं ठरलं होतं, माल आला हळदीच्या सकाळी. पाय नट-बोल्टचे, म्हणून पटापट उभी राहिली. नाहीतर त्या दिवशी माझा आणि मामांचा संबंध तिथंच संपला असता. एका दिवसाच्या हौसेसाठी एवढा खर्च करू नका, भाड्यानं बघा. आमच्याकडं शेतावर हुरड्याला माणसं येतात, त्यामुळं पाच टेबलं तिथं कामाला लागली.

सहावं पुतणीनं पुण्याला नेलं. ८ फुटी फळी लिफ्टमध्ये मावली नाही, चार मजले जिन्यानं चढवली. फ्लॅटसाठी सांगणार असाल तर आधी लिफ्ट मोजून घ्या.