काचेवरचा ‘स्वयंस्वच्छ’ लेप: नागपुरात कितपत कामाचा?

टायटॅनियम डायऑक्साइडचा हा पारदर्शक लेप उन्हातल्या अतिनील किरणांच्या जोरावर सेंद्रिय मळ तोडतो. मग पाणी थेंब न धरता पातळ पडद्यासारखं ओघळतं आणि धूळ सोबत नेतं. ऊन आपल्याकडे रग्गड, पाऊस मात्र जून ते सप्टेंबर. म्हणजे उन्हाळ्यात पाइप मारावाच लागतो, तोही बोअरच्या पाण्याचा नको: क्षारांचे पांढरे डाग हा लेप तोडत नाही. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राकडची राखही आपोआप जात नाही, ती धुवावीच लागते.

लावण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढा. मे महिन्यात दुपारच्या तापलेल्या काचेवर द्रव पसरण्याआधीच सुकतो, पट्टे उमटतात. सकाळी सहालाच उरका. काचेच्या कडेला भरलेल्या सिलिकॉनचं तेल पाझरलं, की तिथे पाणी पुन्हा थेंबाथेंबाने थांबतं. खोलीच्या आतल्या बाजूने लावणं म्हणजे पैसे वाया. हात न पोचणाऱ्या उंच काचांना घ्या. तळमजल्याला फडकंच बरं.