ईस्टरसाठी 24 प्लास्टिक अंड्यांचा सेट घेतला, वापरून कसा वाटला ते सांगते

यंदा 5 एप्रिलला ईस्टर होता आणि शरणपूरला पहाटेची उपासना आटोपून सगळे आमच्याकडेच नाश्त्याला येणार होते, म्हणजे चार ते अकरा वर्षांची आठ पोरं, म्हणून मी ऑनलाइन ते उघडबंद होणाऱ्या अंड्यांचे दोन सेट मागवले. एका पाकिटात 24 अंडी, सहा रंग, प्रत्येक रंगाची चार. 299 ला एक पाकीट. पाचपैकी चार स्टार देते.

एक स्टार कापला कारण दोन अंडी तडकलेली निघाली आणि पार्सल शनिवारी आल्यामुळे बदलून घ्यायला वेळच नव्हता, सेलोटेप लावून चालवली. बाकीची मात्र मस्त घट्ट बसतात, टक्कन आवाज येतो, खाली पडली तरी उघडत नाहीत आणि चार वर्षांच्या भाच्याला पण स्वतःची स्वतः उघडता आली. हे मला सगळ्यात आवडलं, नाहीतर लहान पोरं सारखी आपल्याकडेच पळत येतात उघडून द्या म्हणून.

आता एक गोष्ट नीट वाचा. प्रत्येक अंड्याला टोकाशी दोन बारीक भोकं असतात. माझ्या लक्षातच आलं नाही, रात्रीच रंगीत चॉकलेट गोळ्या भरून ठेवल्या आणि सकाळी पाहते तर मुंग्यांची रांग! पहाटे चर्चला निघायच्या आधी सगळी रिकामी करून पुसली. चॉकलेटचं तसंही आपल्या नाशिकच्या एप्रिलमध्ये काही खरं नाही, ते साधारण 34 डिग्रीला वितळायला लागतं आणि इथे दहा वाजल्यापासूनच ऊन मी म्हणतं. मग कागदाच्या पुड्यांमध्ये मनुका (आपल्याच द्राक्षांच्या, घरात होत्याच), स्टिकर, हेअरक्लिप, छोटे खोडरबर असं भरलं. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर खोडरबर वगैरे बारीक वस्तू अजिबात नको, घशात अडकतात.

खेळ कसा घेतला ते सांगते कारण सेटचा खरा उपयोग तिथेच झाला. मोठी पोरं धावत जाऊन सगळं गोळा करतात आणि लहानी रडत बसतात, दरवर्षीचं आहे. यावेळी नियम केला की प्रत्येकाने प्रत्येक रंगाचं एकच अंडं घ्यायचं, म्हणजे प्रत्येकी सहा, आठ पोरांची बरोब्बर 48. दुसऱ्याचं दिसलं तरी हात लावायचा नाही, फक्त लांबून सांगायचं. एवढ्याने भांडणच मिटलं, उलट अकरा वर्षांची पुतणी लहान्याला घेऊन जास्वंदीच्या कुंडीकडे गेली. लहानांसाठी पायऱ्यांवर, सायकलच्या बास्केटमध्ये दिसतील अशी ठेवली होती, मोठ्यांची जिन्याखाली आणि मीटरबॉक्सच्या मागे. लपवताना मोबाईलवर फोटो काढत गेले, तुम्ही पण काढाच. हिरवी अंडी झाडात ठेवू नका हां, मी कढीपत्त्यात ठेवलं आणि 47 च परत आली.

एक अंडं मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. ज्याला सापडलं तो हिरमुसला, मग सासूबाईंनी सगळ्यांना खाली बसवून रविवारी पहाटे बायका कबरीकडे गेल्या आणि कबर रिकामी होती ती गोष्ट सांगितली, आणि त्याला फ्रीजमधलं मोठं चॉकलेटचं अंडं दिलं. पोरं एवढी शांत बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

खरी अंडी लपवायची असतील तर या उन्हात नकोच. आम्ही कांद्याच्या सालींच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून उकडली, सुंदर तांबूस रंग येतो, आणि लगेच टेबलावर फोडून खाल्ली.

सेट धुवून डब्यात ठेवलाय. कढीपत्त्यातलं हिरवं अंडं मंगळवारी झाडणाऱ्या मावशींना सापडलं, मनुकांसकट. पुढच्या वर्षी ईस्टर 28 मार्चलाच आहे, तेव्हा ज्यांना घ्यायचाय त्यांनी फेब्रुवारीतच मागवा, तडकलेलं निघालं तर बदलून तरी मिळेल.