क्लाऊड डीएनएस फिल्टर: आठ महिने वापरल्यानंतर (आणि वॉचमनमामांची माफी मागितल्यानंतर)

दिवाळीत एक स्टार देणार होतो. आज चार देतोय. हे फिल्टर म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी (नेटवरचा आकडी पत्ता) सांगणारी डीएनएस सेवा; साइट धोक्याची असेल तर पत्ता देतच नाही. मधलं ऐका.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट. ऑफिसात 14 पीसी आणि टॅलीचा एक सर्व्हर. मी हिशेब बघतो, आणि 'कॉम्प्युटरचं तेवढं बघ रे' तेही माझ्याच गळ्यात.

पाच मिनिटांत लागतं म्हणतात, माझा अर्धा दिवस गेला. प्रत्येक पीसीत थेट क्लाऊडचा डीएनएस टाकला आणि टॅलीचा सर्व्हर कुणालाच सापडेना. आपल्या ऑफिसातली नावं बाहेरच्याला कशी कळणार? मग पीसी परत आतल्या डीएनएसकडे वळवले आणि त्याचा फॉरवर्डर (आत न सापडलेलं नाव तो पुढे विचारतो) तेवढा क्लाऊडला जोडला. राउटरवर पोर्ट 53 ची, म्हणजे डीएनएसच्या चौकशीची, वाट फक्त सर्व्हरला मोकळी ठेवली. ब्राऊझरमधलं डीएनएस ओव्हर एचटीटीपीएसही बंद करा, ते साध्या वेबसाइटींच्याच पोर्ट 443 वरून जातं आणि फिल्टरला विचारतच नाही.

ऑगस्टमध्ये बिलिंगच्या ताईंनी 'पेमेंट ॲडव्हाइस'च्या मेलमधली लिंक दाबली. पान उघडलं नाही. ताई म्हणाल्या, "नेट गेलं वाटतं." रिपोर्टमध्ये लाल अक्षरात: फिशिंग (म्हणजे फसवी साइट), ब्लॉक. त्या दिवशी पैसे वसूल झाले असं वाटलं.

आता खरं दुखणं. रिपोर्टमध्ये रात्री दोन-अडीचला लग्न जुळवायच्या साइटी दिसायला लागल्या. रात्री ऑफिसात कोण? वॉचमनमामा. मी त्यांना सरळ विचारलं, वायफायचा पासवर्डही बदलला. मामा काही बोलले नाहीत, पण आठवडाभर माझ्या गाडीला गेट उघडायला उठले नाहीत.

पाडव्याला कारखाना बंद, मेन स्विच मी स्वतः खाली केलेला. दुसऱ्या दिवशी बघतो तर राउटर मेलेला असताना 312 विनंत्या! पुन्हा स्थळंच.

सपोर्टशी दोन दिवस भांडलो, तेव्हा कळलं. ही सेवा आपल्याला पब्लिक आयपीवरून, म्हणजे आपल्या कनेक्शनच्या बाहेर दिसणाऱ्या पत्त्यावरून, ओळखते. आमचा आयपी डायनॅमिक, म्हणजे बदलणारा. लाइट गेली, राउटर परत चालू झाला की नवा आयपी, आणि जुना दुसऱ्याच कुणाच्या घरी. नवा आयपी कळवणारा अपडेटर ज्या पीसीवर, तो मालक संध्याकाळी बंद करून जातात, बिल वाचावं म्हणून. म्हणजे त्या उपवराच्या साइटी आमच्या रिपोर्टमध्ये, आणि आमचं ऑफिस रात्रभर विनाफिल्टर. नेट मात्र झकास चालू. बंद पडलं असतं तर कळलं तरी असतं!

हे सेटअपच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात का नाही? एक स्टार त्याचाच कापलाय.

आता अपडेटर टॅलीच्या सर्व्हरवर हलवलाय, तो यूपीएसवर रात्रंदिवस चालू असतो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासून रिपोर्ट स्वच्छ आहे. तरी लिंकमध्ये नावाऐवजी थेट आयपीच असेल तर हे फिल्टर काही करू शकत नाही, म्हणून अँटिव्हायरस काढलेला नाही.

नेटवाल्याचे कनेक्शन कॅरियर-ग्रेड नॅटवर असेल तर आधी विचारून घ्या. तिथे एकच आयपी अनेकांत वाटलेला असतो, अपडेटरचाही उपयोग नाही.

मामांना चहा पाजला. ते म्हणाले, "त्या पोराचं जमलं का शेवटी?" स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीचं कोटेशन मालकांच्या टेबलावर आहे, टॉवेलच्या नमुन्यांखाली. "आपलाच पत्ता आपण दर महिन्याला विकत घ्यायचा?" असं म्हणून त्यांनी ते तिथंच ठेवलंय.