थर्मासचा जेवणाचा डबा ऑफिससाठी घ्यावा का? माझा अनुभव

रुंद तोंडाचा, स्टीलचा, दोन भिंतींमधे व्हॅक्यूम असलेला जो डबा मिळतो ना, ज्यात जेवण दुपारपर्यंत गरम राहतं, त्याबद्दल लिहितेय. बरेच जण विचारतात की घेऊ का, उपयोग होतो का, की आणून कपाटात पडून राहतो. माझं मत आधीच सांगून टाकते. ऑफिसात मायक्रोवेव्ह नसेल किंवा असूनही त्याच्यासमोर रांग लागत असेल, आणि तुम्हाला डाळ, उसळ, सूप, मऊ भात असलं ओलसर जेवण आवडत असेल, तर डोळे झाकून घ्या. यातली एकही गोष्ट लागू नसेल तर घेऊ नका, त्या पैशात चांगला काचेचा हवाबंद डबा येईल.

आता नीट सांगते, कारण या डब्याचे रिव्ह्यू वाचले तर निम्मे लोक म्हणतात भारी आहे आणि निम्मे म्हणतात दुपारी जेवण कोमट होतं, आणि गंमत म्हणजे डबा बऱ्याचदा एकाच दर्जाचा असतो, फरक भरण्यात असतो.

आधी आत काय चालतं ते बघा. उष्णता तीन वाटांनी जाते: वस्तूला वस्तू टेकून, हवेच्या हालचालीतून, आणि किरणांच्या रूपाने. दोन भिंतींमधली हवा काढून टाकली की पहिल्या दोन वाटा भिंतीपुरत्या जवळजवळ बंद होतात, आणि आतला पृष्ठभाग चकचकीत असला की तिसरीही बरीच कमी होते. मग उरतं काय, तर झाकण आणि तोंडाची कड. उष्णता मुख्यतः तिथूनच निसटते, म्हणून घेताना डब्याच्या रंगापेक्षा झाकण बघा, जाड आहे का, आत इन्सुलेशन म्हणजे उष्णता अडवणारा थर आहे का, सिलिकॉनची रिंग काढता येते का. रिंग निघत नसेल तर तो डबा अजिबात घेऊ नका, का ते पुढे सांगते.

ही कल्पना मुळात गरम ठेवण्यासाठी नव्हतीच. जेम्स ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञाने 1892 मधे लंडनमधे असं काचेचं भांडं बनवलं ते अतिथंड, द्रवरूप केलेले वायू साठवायला. त्याने पेटंट घेतलं नाही, आणि पुढे 1904 मधे जर्मनीत थर्मास नावाने ते घरगुती वापरासाठी विकायला आलं. हे सांगायचं कारण एवढंच की आपण सगळे याला गरम जेवणाचाच डबा समजतो पण उन्हाळ्यात थंड दही घातलेलं सॅलड, उकडलेले छोले-काकडी-टोमॅटो, रात्री दुधात भिजवून फ्रिजमधे ठेवलेले ओट्स, हे पण यात झकास राहतं. फक्त सकाळी डब्यात बर्फाचं पाणी घालून पाच-दहा मिनिटं ठेवायचं आणि मग फ्रिजमधून काढलेलं जेवण थेट भरायचं.

गरम जेवणासाठीही हीच पायरी आहे, फक्त उकळत्या पाण्याने, आणि निम्मी तक्रार इथेच असते. डबा रात्रभर ओट्यावर पडलेला असतो, स्टील गार, झाकण गार, त्यात तुम्ही गरम डाळ ओतली की डाळीची उष्णता आधी स्टील तापवण्यात जाते. उकळतं पाणी काठोकाठ भरा, झाकण लावून पाच-दहा मिनिटं ठेवा, तेवढ्या वेळात जेवण गॅसवर खळखळून उकळू द्या, मग पाणी ओतून लगेच भरा. खळखळून म्हणजे खरंच बुडबुडे आले पाहिजेत, वरून वाफ दिसली म्हणजे झालं असं नाही. आणि वरपर्यंत भरा, बोटभर जागा सोडून, कारण अर्धा रिकामा डबा लवकर गार होतो. कंपनीने खोक्यावर लिहिलेला तासांचा आकडा बहुतेक वेळा पूर्ण भरलेल्या जवळजवळ उकळत्या पाण्यावर मोजलेला असतो, तुमच्या अर्ध्या डबा भातावर नाही, त्यामुळे तो आकडा वाचून भांडायला जाण्यात अर्थ नाही.

हे सगळं केलं की माझ्याकडे सकाळी आठला भरलेली डाळ एकला उघडली की वाफ येते, फुंकून खावी लागते. कोरडा भात मात्र तेवढा गरम राहत नाही. पाणी उष्णता खूप धरून ठेवतं, आणि कोरड्या पदार्थात पाणी कमी आणि मधे मधे हवा, त्यामुळे तो आधी थंड होतो. तळलेलं, कुरकुरीत, भाजलेलं काहीही यात घालू नका, वाफेने सगळं लगदा होतं. पास्ता आणि नूडल्स पण दुपारपर्यंत फुगून मऊ पडतात, घालायच्याच असतील तर अर्धवट शिजवून पातळ सूपमधे घाला.

स्वस्त कुठे पडतं हा खरा प्रश्न आहे ना? डबा स्वतः स्वस्त नाहीये, साध्या डब्याच्या कितीतरी पट महाग असतो. पैसे वाचतात ते त्याच्यामुळे तुम्ही काय खायला लागता त्यातून. बाहेर जाऊन खाणारे बहुतेक जण घरी काही नाही म्हणून जात नाहीत, फ्रिजमधलं कालचं गार जेवण दुपारी खायची इच्छा होत नाही म्हणून जातात. तेच गरम मिळालं की माणूस मुकाट्याने बसून खातो. आणि ज्या गोष्टी या डब्यात सगळ्यात चांगल्या राहतात त्याच नेमक्या सगळ्यात स्वस्त असतात, डाळी, कडधान्यं, तांदूळ, बटाटे, गाजर, कोबी, अंड्याची करी. सुकं कडधान्य शिजल्यावर वजनाला दुपटीहून जास्त होतं, म्हणजे शंभर ग्रॅम छोल्यात दोन जणांचं जेवण सहज निघतं. सुट्टीच्या दिवशी एक मोठं भांडं भरून काहीतरी करायचं, शिजवलेलं जेवण फ्रिजमधे तीन-चार दिवस चांगलं राहतं, त्यापुढचं एका एका जेवणाच्या मापाने फ्रीजरमधे टाकायचं. सकाळी फक्त उकळायचं आणि भरायचं, त्याला लागतात ती डबा तापायला लागणारी दहा मिनिटं, तेवढ्यात आंघोळ नाहीतर चहा होतो.

आणखी एक फायदा म्हणजे यात अर्धं शिजवून पण चालतं. मसूर डाळ आणि तांदूळ रात्री भिजत घालायचे, माप म्हणाल तर अर्धा लिटरच्या डब्याला साधारण 60 ग्रॅम डाळ आणि 40 ग्रॅम तांदूळ, सकाळी ते पाणी काढून टाकायचं आणि साडेतीनशे मिली ताज्या पाण्यात मीठ-हळद घालून पाचेक मिनिटं खळखळून उकळायचं आणि तसंच तापवलेल्या डब्यात ओतायचं. दुपारी छान मऊ शिजलेलं असतं, गॅस वाचतो आणि सकाळी भांड्यासमोर उभं राहावं लागत नाही. ओट्स आणि दलियाला तर एवढंही लागत नाही.

पण राजम्याला ही युक्ती चालत नाही. हे वाचून सोडून देऊ नका प्लीज, कारण इंटरनेटवर थर्मासमधे सगळी कडधान्यं शिजवा असं बिनधास्त लिहिलेलं असतं. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते जायला राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात पूर्ण उकळीवर निदान दहा मिनिटं, आणि खात्रीसाठी अर्धा तास उकळावा लागतो. डब्यात ओतल्या क्षणापासून तापमान उतरायला लागतं, म्हणजे ती उकळी मिळतच नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्याइतकाच किंवा त्याहून जास्त त्रास देऊ शकतो, उलट्या, जुलाब, पोटात कळा. राजमा कुकरमधे पूर्ण शिजवा आणि मग डब्यात भरा, बस.

भाताचंही एक सांगायचंय. शिजवलेला भात ओट्यावर तासन् तास राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू वाढतो, त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि तो जे एक विष तयार करतो ते नंतर गरम करूनही जात नाही. म्हणून रात्रीचा भात डब्यात न्यायचा असेल तर जेवण झाल्यावर पसरट ताटात काढून पटकन गार करायचा आणि फ्रिजमधे, दोन तासांच्या आत, उकाडा असेल तर तासाभरात. सकाळी थोडं पाणी शिंपडून पूर्ण वाफवून मग भरायचा. एकूणच जेवण 60 अंशांच्या वर किंवा 4-5 अंशांच्या खाली राहिलं पाहिजे, मधल्या पट्ट्यात जीवाणू भराभर वाढतात. त्यामुळे डबा उघडल्यावर जेवण कोमट लागलं तर ती नुसती चवीची तक्रार नाही, भरताना काहीतरी चुकलंय किंवा डबा बिघडलाय. स्वयंपाकघरातला खुपसायचा थर्मामीटर मिळतो, नवीन डबा आणला की सुरुवातीला एकदा दुपारी तो लावून बघा, मग कायमची खात्री होते.

डबा बिघडलाय का हे कसं कळतं? उकळतं पाणी भरा, पाचेक मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. झाकणाजवळ थोडं गरम लागणारच, पण पोटाला किंवा बुडाला गरम लागलं तर व्हॅक्यूम गेलंय, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ही टेस्ट करा, बदलून मिळायची मुदत असते तेव्हाच. जोरात आपटल्यावरही असं होऊ शकतं, पोचा आला असेल तर परत तपासा.

स्वच्छतेबद्दल. रोज रिंग काढून धुवायची, तिच्या खाली डाळीचा साका बसतो आणि दोन दिवसांत जो वास येतो तो झाकण कितीही घासलं तरी जात नाही. धुतल्यावर झाकण न लावता उघडं वाळवायचं. वास राहिलाच तर बेकिंग सोडा आणि गरम पाणी घालून उघडंच ठेवा तासभर. ब्लीच आणि तारेची घासणी नको, स्टीलला बारीक खड्डे पडतात. खारट-आंबट जेवण रात्रभर आत ठेवायचं नाही, हा डबा साठवणीचा नाही. उरलेलं जेवण तसंच बंद ठेवून डबा सुट्टीभर बॅगेत विसरला तर ते आंबून आत गॅस साठतो, असा डबा उघडताना तोंड स्वतःपासून लांब ठेवा.

कधी कधी झाकण उघडतच नाही. गरम हवा गार झाली की आत दाब कमी होतो आणि झाकण ओढलं जातं. काही डब्यांच्या झाकणावर मधे दाबायचं बटण किंवा व्हॉल्व्ह असतो, तो दाबला की हवा आत जाते आणि झाकण सहज फिरतं. माझं स्पष्ट मत, हा व्हॉल्व्ह असलेलाच घ्या, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या डिपार्टमेंटकडून झाकण फिरवून घ्यावं लागतं.

मापाबद्दल, एका माणसाच्या पूर्ण जेवणाला अर्धा लिटर पुरतो. तीनशे मिलीचा सूप किंवा नाश्त्याला ठीक, जेवणाला कमी पडतो आणि लहान असल्यामुळे लवकर गार पण होतो. पाऊण लिटरचा भरल्यावर बॅगेत चांगलाच जड लागतो, रोज ट्रेन-बसमधे उभ्याने जाणाऱ्यांनी विचार करावा. तोंड एवढं रुंद हवं की चमचा बुडापर्यंत जाईल आणि धुताना हात आत जाईल. घडीचा चमचा झाकणात दिलेला असतो तो मला आवडला नाही, बिजागरीत अन्न अडकतं, साधा स्टीलचा चमचा फडक्यात गुंडाळून नेते.

उणी बाजू पण सांगते. एकच कप्पा असतो, म्हणजे ज्यांना दोन-तीन पदार्थ वेगवेगळे लागतात त्यांना याच्याबरोबर दुसरा छोटा डबा न्यावाच लागतो. मायक्रोवेव्हमधे हा घालता येत नाही, धातूचा आहे, त्यामुळे दुपारी परत गरम करायचं असेल तर वेगळ्या भांड्यात काढावं लागतं. आणि सकाळी डबा तापवायची पायरी ज्यांना रोज जमणार नाही त्यांनी स्वतःशी खरं बोलावं, त्याशिवाय हा डबा नुसता महागडा स्टीलचा डबा आहे. ऑफिसात चालू मायक्रोवेव्ह असेल आणि तुमची शिफ्ट अशी असेल की तिथे गर्दी नसते, तर काचेचा डबा याच्यापेक्षा सरस, घरून फ्रिजमधून थेट उचलायचा, ऑफिसच्या फ्रिजमधे ठेवायचा, तिथे वाफ येईपर्यंत गरम करायचा, सकाळी काहीच काम नाही.

साइटवर, गोडाऊनमधे, गाडीवर, फिरतीवर काम करणाऱ्यांना मात्र मी हाच घ्या म्हणेन, आणि घेताना स्टीलवर 18/8 किंवा 304 (सहज न गंजणाऱ्या स्टीलच्या प्रतीची खूण) लिहिलंय का ते बघून घ्या, झाकणाची जादा रिंग सुटी मिळते का ते दुकानदाराला विचारा, कारण काही वर्षांनी आधी तीच जाते.