जळगावच्या गच्चीवरून तेजोमेघ : दुहेरी अरुंद पट्ट्याच्या फिल्टरचा दोन हिवाळ्यांचा अनुभव

मी जळगावात पिंप्राळ्याकडच्या एका वसाहतीत राहतो. गच्चीच्या पूर्वेस सगळे शहर असल्यामुळे त्या बाजूचे आकाश रात्रभर करड्या-पिवळ्या उजेडाने भरलेले असते, अमावास्येच्या स्वच्छ रात्रीही कृत्तिकेतील पाचवा-सहावा तारा शोधावा लागतो, आणि हौशी आकाशनिरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या, आकाश किती काळोखे आहे हे सांगणाऱ्या १ (सर्वांत काळोखे) ते ९ (सर्वांत उजळ) या श्रेणीत हे आकाश आठव्या वर्गात मोडते. अशा ठिकाणाहून तेजोमेघांची छायाचित्रे काढता येतील यावर माझा विश्वास नव्हता. दोन हिवाळे दुहेरी अरुंद पट्ट्याचा फिल्टर, ज्याला दुकानदार ‘ड्युअल नॅरोबँड’ म्हणतात तो, वापरल्यानंतर माझे मत बदलले आहे. मात्र ते कुठे बदलले आणि कुठे नाही, हे नीट सांगितले पाहिजे, कारण मला तो २६,००० रुपयांना पडला आणि ही रक्कम लहान नाही. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही. असे फिल्टर अनेक कंपन्या बनवतात आणि पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी त्या सर्वांना लागू पडतात.

फिल्टर दोन इंची आहे. हातात धरून त्यातून घरातल्या दिव्याकडे पाहिले तर दिवा अगदी मंद दिसतो, आणि जरा तिरका केला की काच आरशासारखी चमकते. तो प्रकाशाला फक्त दोन फटींतून आत सोडतो : एक हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रेषेभोवती आणि दुसरी दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटरच्या हिरवट-निळ्या रेषेभोवती. माझ्याकडील फिल्टरमध्ये प्रत्येक फट ७ नॅनोमीटर रुंद आहे. दृश्य प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर इतका पसरलेला असतो, म्हणजे ३०० पैकी अवघे १४ नॅनोमीटर कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतात. शहराचा उजेड या सगळ्या पट्ट्यात विखुरलेला असल्याने त्याचा फार मोठा भाग बाहेरच राहतो. तेजोमेघातला वायू मात्र आपला प्रकाश मोजक्या रेषांतच देतो आणि त्यांतल्या सर्वांत ठळक रेषा नेमक्या या फटींत येतात. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एका ग्रहीय तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यांना ताऱ्यासारखा सलग पट्टा न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतली हिरवी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले, आणि तो प्रकाश विरळ वायूतल्या ऑक्सिजनचाच आहे हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले. तीच रेषा आज माझ्या गच्चीवर कामी येते, याचे मला दर वेळी अप्रूप वाटते.

याआधी माझ्याकडे स्वस्तातला, शहरी उजेड अडवणारा जुन्या पद्धतीचा फिल्टर होता. रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते तोवर त्याचा बऱ्यापैकी उपयोग होत असे, कारण त्या दिव्यांचा प्रकाश मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो आणि तेवढाच भाग कापला की काम भागते. आमच्या गल्लीत पांढरे एलईडी दिवे लागल्यापासून तो निरुपयोगी झाला. एलईडीचा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत सलग असतो. त्यातून एखादा तुकडा कापून काही साधत नाही. अजूनही तसले फिल्टर शहरातल्या नवख्यांना विकले जातात, त्यांनी ते घेऊ नयेत.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. माझी दुर्बीण ७२ मिलिमीटर व्यासाची आणि एफ/६ ची (म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या सहापट असलेली) आहे, आणि कॅमेरा म्हणजे जुना डीएसएलआर, ज्यातील कारखान्यात बसवलेली लाल प्रकाश अडवणारी काच मी काढून घेतली आहे. ही काच न काढता हा फिल्टर विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय, कारण हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश ती काच आधीच गिळते. गेल्या जानेवारीत मी एकशृंगी तारकासमूहातला रोझेट तेजोमेघ निवडला. तो जळगावहून सुमारे ७४ अंश उंचीवर येतो, महिन्याच्या मध्यावर रात्री अकरा-सव्वाअकराला मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो, आणि त्यामुळे क्षितिजालगतच्या दाट उजेडाचा त्याला त्रास होत नाही. फिल्टरशिवाय साठ सेकंदांचे चित्र घेतले तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर मळक्या केशरी भिंतीखेरीज काही नव्हते. फिल्टर लावून तीनशे सेकंदांचे चित्र घेतले. पडदा काळा झाला, आणि मधोमध, ताऱ्यांच्या छोट्याशा गुच्छाभोवती, फिकट लाल कडे उमटले. ते मी पडदा मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिले. खाली गल्लीत एलईडीचा खांब जळत होता आणि सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवरचा वायू एकाच चित्रात दिसत होता.

तीन रात्रींत मिळून सहा तासांची चित्रे जमली. ती सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन थर वेगळे काढले. कडेच्या लाल पाकळ्या आणि त्यांतल्या धुळीच्या काळ्या गाठी स्वच्छ आल्या. मधल्या पोकळीतला ऑक्सिजनचा निळसर थर मात्र अशक्त राहिला. चित्रातला गोंगाट, म्हणजे दाणेदारपणा, वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच कमी होतो, तेव्हा तो थर दुप्पट सुबक करायचा तर सहाचे चोवीस तास करावे लागतील. चांदण्याचाही पहिला फटका ऑक्सिजनलाच बसतो. चंद्र असताना मी फक्त हायड्रोजनसाठी चित्रे घेतो आणि ऑक्सिजन अमावास्येच्या आसपासच्या रात्रींसाठी राखून ठेवतो.

जिथे हा फिल्टर काहीच करू शकत नाही, ती बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. देवयानी दीर्घिकेवर मी चार तास घालवले आणि फिल्टरशिवाय मिळाले असते त्याहून वाईट चित्र पदरात पडले. दीर्घिकेचा प्रकाश हा अब्जावधी ताऱ्यांचा सलग प्रकाश असतो. फिल्टर शहराच्या उजेडाबरोबर तोही कापतो. कृत्तिकेभोवतीचा निळा धुरळा हा ताऱ्यांचा परावर्तित प्रकाश असल्याने तिथेही तेच घडले. तेजोमेघाच्या चित्रातले तारेसुद्धा बेरंग होतात, म्हणून त्यांचे वीस मिनिटांचे वेगळे चित्र फिल्टरशिवाय घेऊन नंतर त्यात मिसळावे लागते.

आणखी एक दोष आहे. मृगातल्या त्रिकांड बाणाच्या पूर्वेकडील ताऱ्याजवळ घोडामुखी तेजोमेघ आहे. त्याचे चित्र काढले तेव्हा त्या ताऱ्याभोवती रुपयाएवढे फिके वर्तुळ उमटले. तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश फिल्टर आणि कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा संवेदक यांच्यात परत परत आपटल्याने असे होते. मी ते चित्रसंस्कारात काढून टाकले, पण खुणा राहिल्या.

लांब एक्सपोजरमुळे माउंटची, म्हणजे ताऱ्यांच्या मागोमाग दुर्बीण फिरवणाऱ्या आधाराची, ध्रुवताऱ्याशी जुळणी अचूक असावी लागते. आपल्याकडे ध्रुवतारा अवघ्या २१ अंशांवर असतो आणि माझ्या गच्चीवरून तो शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीआड जातो. तिपाई पार नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात नेली तेव्हा कुठे तो दिसला. फिल्टर लावल्यावर फोकस पुन्हा साधावा लागतो, आणि फिल्टरमधून तारे इतके मंद दिसतात की बाहतिनोव्ह मास्क (फोकस साधण्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर लावायची फटींची जाळी) लावूनही अंदाज चुकतो, म्हणून मी सर्वांत तेजस्वी तारा निवडतो. उन्हाळ्याचे तर नावच काढू नये. मे महिन्यात आमच्याकडे रात्री अकरालाही गच्चीची फरशी पायाला चटका देते, संवेदकाच्या तापमानात पाच-सहा अंशांची वाढ झाली की त्याचा औष्णिक गोंगाट साधारण दुप्पट होतो, आणि पाच मिनिटांच्या चित्रात लाल ठिपक्यांची रांगोळी उमटते. थंड ठेवण्याची सोय नसलेला कॅमेरा असेल तर खानदेशात नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच आपला हंगाम.

विक्रेत्याने पहिल्यांदा दोन इंचीऐवजी सव्वा इंची फिल्टर पाठवला. तक्रार केल्यावर बाराव्या दिवशी बदलून मिळाला, पण तेवढ्यात डिसेंबरची अमावास्या गेली. पार्सल उघडताना चित्रीकरण करून ठेवावे.

मामांचे शेत यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांत आहे. तिथे फिल्टरशिवाय दोन तासांत रोझेटभोवतीचे ताऱ्यांचे रंग आणि धुळीचे बारीक पदर इतके सहज आले की गच्चीवरच्या सहा तासांना ते जमले नव्हते. तरीही तिथे मला वर्षातून चार वेळा जाता येते, आणि गच्चीवर जेवण झाल्यावर दहा मिनिटांत काम सुरू करता येते. म्हणून ज्यांच्याकडे मागोवा घेणारे माउंट आणि लाल प्रकाशाला मोकळा कॅमेरा आहे, आणि ज्यांना तेजोमेघांचेच वेड आहे, त्यांनी हा फिल्टर निःशंक घ्यावा. ज्यांना दीर्घिका हव्या आहेत, त्यांनी तेच २६,००० रुपये सातपुड्याकडे जाण्यायेण्यात खर्च करावेत. ज्यांच्याकडे अजून माउंट नाही, त्यांनी आधी माउंट घ्यावे, फिल्टर नंतर.