विज्ञान साक्षरता चाचणी संच (इयत्ता आठवी) : वर्गात वापरून पाहिला

मी हर्णैजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. व्याख्या नि ‘कारणे द्या’ तपासून जीव विटला होता, म्हणून जूनमध्ये हा संच मागवला. घेतला ते बरं झालं.

प्रश्न ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी चाचणीच्या धर्तीवरचे आहेत: घटनेचं कारण सांगा, प्रयोगातली चूक शोधा, आकड्यांवरून निष्कर्ष काढा. भरतीच्या प्रश्नात पाच दिवसांच्या वेळा देऊन सहाव्या दिवसाची विचारली आहे. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, हे तक्त्यावरून मुलांनीच काढायचं. मागच्या बाकावर गप्प बसणारा, वडलांबरोबर होडीवर जाणारा एक मुलगा तक्ता न बघताच म्हणाला, “बाई, उधाण अवसेला नि पुनवेला, अष्टमीला भांग.” (उधाण म्हणजे मोठी भरती, भांग म्हणजे लहान.) का, विचारलं तर अडला. फळ्यावर सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत काढले, तेव्हा स्वतः पुढे येऊन त्याने अष्टमीचा चंद्र काटकोनात काढला. लेखी पेपरात त्याला कधी दहाच्या वर गुण नाहीत!

उत्तरसूचीवर मात्र माझा राग आहे. तिथे नुसतं ‘चंद्रामुळे’ लिहिलं तरी पूर्ण गुण. मग कारण समजलंय की पाठ आहे, हे कळणार कसं? प्रकाशकांना दोनदा कळवलं, दुरुस्ती आलेली नाही. मी आता निरीक्षणाला एक आणि कारणाला दोन असे गुण देते. हिमवर्षावाचा प्रश्न गाळून तिथे मासळी वाळवण्याचा घातला. कागद जाड आहे, पावसाळी दमट हवेतही टिकला.