सीपी२१०२ चं यूएसबी-टीटीएल मॉड्यूल : घरच्या राउटरवर काही महिने वापरल्यानंतर

बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून घेतलेलं, लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट राउटरच्या बोर्डाला जोडून देणारं हे अंगठ्याएवढं मॉड्यूल एक उन्हाळा आणि निम्मा पावसाळा माझ्याकडे रोजच्या वापरात आहे. पहिल्या आठवड्यात सगळंच छान वाटतं, म्हणून लगेच लिहिलं नाही. आता लिहितो, कारण घरी स्वतःचा राउटर चालवणाऱ्या प्रत्येकाकडे हे असावं असं माझं ठाम मत झालंय. किंमत दोनशे रुपयांच्या आसपास. यात अडचणी येतात, पण त्यातल्या बहुतेक मॉड्यूलच्या नसतात, जोडणीच्या असतात. त्या कुठे शोधायच्या हे कळलं की काम सोपं आहे.

माझा राउटर मीडियाटेकच्या एमटी७६२१ चिपवरचा, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर. फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकलाय (तो डेटा नुसता पुढे पाठवतो) आणि घरचं सगळं जाळं या एका राउटरवर आहे. बायकोचं हिंजवडीच्या ऑफिसचं व्हीपीएन, मुलीचा ऑनलाइन क्लास, दाराचा कॅमेरा, सगळं. तो बंद पडला की घर अडतं. आणि असा राउटर नीट सुरूच होत नसेल तेव्हा वेब पान उघडत नाही, पिंगला उत्तर येत नाही, नुसता दिवा लुकलुकतो. आत काय बिघडलंय हे तेव्हा फक्त बोर्डावरचा सीरियल कन्सोल, म्हणजे तारांवरून मजकुराच्या ओळी पाठवणारा पोर्ट, सांगतो.

खरेदीचं आधी सांगतो. बाजारात सीपी२१०२, सीएच३४०, एफटी२३२ आणि पीएल२३०३ या चार चिपची मॉड्यूल मिळतात. एफटी२३२ उत्तम, पण महाग आणि नकली माल फार. २०१४ साली विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता आणि लोकांची चालती मॉड्यूल एका दिवसात दिसेनाशी झाली होती. पीएल२३०३ च्या जुन्या चिप नवीन विंडोज ड्रायव्हर नाकारतो. सीएच३४० स्वस्त आणि कामाचं आहे, पण उबंटू २२.०४ वर ते लावलं की ब्रेल डिस्प्लेसाठी असलेली बीआरएलटीटीवाय सेवा पोर्ट ताब्यात घेते आणि लिनक्समधलं त्या पोर्टचं नाव, टीटीवाययूएसबी०, क्षणभर दिसून गायब होतं. ती सेवा लागत नसेल तर काढून टाकली की प्रश्न मिटतो. सीपी२१०२ घेण्याचं माझं कारण वेगळं होतं : याच्या डेटा पिन मुळातच ३.३ व्होल्टच्या. घरगुती राउटरच्या बोर्डावर बहुधा हेच व्होल्टेज असतं.

व्होल्टेजचा मुद्दा जरा विस्ताराने लिहितो, कारण बोर्ड कायमचा जातो तो इथेच. काही स्वस्त मॉड्यूलवर ३.३ आणि ५ यातलं एक निवडायचा जंपर असतो. जंपर ३.३ वर आहे म्हणून टीएक्सवरही (पाठवण्याच्या पिनवर) ३.३ च येतं असं धरून चालू नका. मॉड्यूल लॅपटॉपला लावा, राउटरला काहीही जोडू नका, आणि मल्टिमीटरने टीएक्स ते जीएनडी (ग्राउंड) मोजा. सीरियल लाइन मोकळी असताना वर, म्हणजे हाय असते, त्यामुळे मीटरवर सरळ आकडा दिसतो. ३.३ च्या जवळपास असेल तर पुढे जा, ५ दिसलं तर ते राउटरला लावू नका. जुन्या कॉम्प्युटरच्या नऊ पिनांच्या आरएस-२३२ पोर्टची तार थेट बोर्डाला लावायचं तर मनातही आणू नये. तिथे उणे-अधिक दोन्हीकडे याच्या कितीतरी पट व्होल्टेज असतं.

माझ्या मॉड्यूलमधली एक खोट मात्र आहेच. जीएनडीच्या अगदी शेजारी ५ व्होल्टची पिन आहे. रात्री कमी उजेडात जंपर वायर एक पिन सरकून बसायला वेळ लागत नाही. मी त्या पिनवर हीट श्रिंकचा तुकडा चढवून ती बंदच करून टाकली. राउटरला स्वतःचा अडॅप्टर असतोच, मॉड्यूलमधून व्हीसीसी, म्हणजे वीजपुरवठा, द्यायची गरज नसते. तीनच तारा : जीएनडीला जीएनडी, टीएक्स आरएक्सला (घेण्याच्या पिनला), आरएक्स टीएक्सला.

बोर्डावर कोणती पिन कोणती हे लिहिलेलं नसेल तर मीटर पुन्हा काढावा. वीज बंद ठेवून कंटिन्युइटीवर ज्या छिद्राचा बीप लॅन पोर्टच्या पत्र्याशी वाजतो ते जीएनडी. मग वीज सुरू करा. ज्यावर व्होल्टेज दगडासारखं स्थिर ३.३ ते व्हीसीसी. ज्यावर सुरुवातीच्या काही सेकंदांत आकडा खालीवर हलतो ते टीएक्स, कारण राउटर तेव्हा भराभर ओळी पाठवत असतो. उरलं ते आरएक्स.

आणि एक, आपल्याकडच्या घरांसाठी मुद्दाम. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल किंवा सॉकेटला अर्थिंगच नसेल, तर लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, तोच गळतीचा करंट या तारांतून वाट काढू शकतो. म्हणून चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा आणि सगळ्यात आधी जीएनडी जोडावी.

आता नेहमीची गाऱ्हाणी. स्क्रीनवर काहीच येत नाही : मॉड्यूलचा टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोडा आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (ज्यात राउटरच्या ओळी दिसतात) काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं परत दिसलं तर मॉड्यूल, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम तिन्ही ठीक आहेत, दोष पुढे आहे. लिनक्सवर परवानगी नाही म्हणत असेल तर डेबियन-उबंटूमध्ये स्वतःला डायलआउट गटात घालून पुन्हा लॉगिन करायचं. काही बोर्डांवर कारखान्यातच टीएक्स-आरएक्सच्या वाटेतला बारीक रोधक बसवलेला नसतो. तिथे ती जागा सोल्डरने जोडल्याशिवाय एक अक्षर येणार नाही.

अक्षरं येतात पण चित्रविचित्र : बॉड रेट, म्हणजे सीरियलचा वेग, चुकलाय, किंवा जीएनडी सैल आहे. ११५२०० हा सर्वात प्रचलित वेग, पण जुन्या रालिंक-मीडियाटेक बोर्डांवर ५७६०० सर्रास सापडतो. काही बोर्डांवर बूटलोडर (सुरू होताना सर्वात आधी चालणारा प्रोग्रॅम) एका वेगाने बोलतो आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) दुसऱ्या. सुरुवातीच्या ओळी स्वच्छ आणि नेमका कर्नल सुरू होताच कचरा, असं दिसलं की तारांना हात न लावता फक्त वेग बदलून पाहा. पटी (PuTTY) या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये वेग लिनक्सवरही विंडोजवरही आधी ९६०० असतो, तो बदलावाच लागतो.

सर्वात जास्त लोक अडतात ते पुढच्या गोष्टीवर. लॉग व्यवस्थित दिसतो, पण कीबोर्ड चालत नाही. माणूस तारा उलटसुलट करतो, सोल्डरिंग पुन्हा करतो, आणि खरं कारण फ्लो कंट्रोल असतं. मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधीपासून चालू असतं. तीन तारांच्या जोडणीत समोरून 'पाठव' म्हणणारी तारच नाही, त्यामुळे प्रोग्रॅम तुमची अक्षरं धरून बसतो. सेटिंगमध्ये ते बंद करा. मी पिकोकॉम वापरतो, त्यात फ्लो कंट्रोल आधीपासूनच बंद असतं. फ्लो कंट्रोल बंद करूनही कीबोर्ड चालला नाही तरच आरएक्सच्या तारेकडे वळावं.

या मॉड्यूलची खरी कसोटी वरच्या मजल्यावरच्या काकांच्या राउटरने घेतली. वळवाच्या पावसात फर्मवेअर अपग्रेड चालू असताना लाइट गेली. काका डबा घेऊन आले, "अरे, दुकानदार म्हणतोय नवीनच घ्या. तू बघ बरं जरा." मी म्हटलं, "काका, त्याचा अडॅप्टरही आणून द्या, आणि राहू दे दोन दिवस."

उघडल्यावर चार छिद्रं दिसली, चारही सोल्डरने बुजलेली. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने तीन छिद्रं सोल्डर विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) लावून पटकन मोकळी झाली, जीएनडीचं काही केल्या होईना. ते छिद्र बोर्डभर पसरलेल्या तांब्याच्या थराला जोडलेलं असतं, सगळी उष्णता तो थर ओढून घेतो. तिथे ताजं सोल्डर थोडं वर घालून, टोक जास्त वेळ टेकवून मग विक लावावी लागते. घाईने खुपसत बसलं तर पॅड उखडतं.

पिना बसवून वीज दिली आणि ओळी आल्या. यू-बूट या बूटलोडरचं नाव, मेमरीची बेरीज, मग 'व्हेरिफाइंग चेकसम' आणि त्याच्या पुढे 'बॅड डेटा सीआरसी'. म्हणजे चिप शाबूत, बूटलोडर शाबूत, फ्लॅश मेमरीतली फर्मवेअरची प्रतिमा (इमेज फाइल) तेवढी अर्धवट. रालिंक घराण्याच्या यू-बूटमध्ये सुरुवातीला काही सेकंद एक मेनू येतो. १ दाबलं की टीएफटीपीवरून (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) प्रतिमा फक्त रॅममध्ये येते, २ दाबलं की फ्लॅशमध्येही लिहिली जाते, आणि ९ दाबलं की खुद्द बूटलोडरवरच लिहिलं जातं. ९ च्या वाटेला जाऊ नका. मी १ निवडून ओपनडब्ल्यूआरटीची इनिटरॅमएफएस (रॅममधूनच चालणारी) प्रतिमा रॅममध्ये चालवली आणि सगळं सुरू झाल्याची खात्री झाल्यावरच तिथून कायमची प्रतिमा लिहिली.

टीएफटीपी अडण्याची दोन कारणं फार आढळतात. एक, लॅपटॉपचा फायरवॉल यूडीपी ६९ हा टीएफटीपीचा पोर्ट अडवतो. दोन, राउटर रीस्टार्ट होताना केबलचा लिंक तुटतो आणि लॅपटॉप आपला स्थिर आयपी घेऊन परत जागा होईपर्यंत बूटलोडरची वेळ निघून जाते. मध्ये एखादा साधा स्विच ठेवला की लॅपटॉपच्या बाजूचा लिंक तुटतच नाही. प्रतिमा सीरियलवरूनच का नाही पाठवायची, असं काकांनी विचारलं. ११५२०० वर सेकंदाला जेमतेम ११,५२० बाइट जातात; आठ एमबीला नुसते बाराहून अधिक मिनिटं, प्रोटोकॉलचा भार वेगळा. टीएफटीपीने तेच काम काही सेकंदांत होतं. काकांचा राउटर तेव्हापासून चालू आहे.

माझ्या स्वतःच्या राउटरवरचा उपयोग याहून मोलाचा ठरला. उन्हाळ्यात तो दुपारी मध्येच रीस्टार्ट व्हायचा. रीस्टार्टनंतर रॅममधला लॉग पुसला जातो, त्यामुळे वेब पानावर पुरावा काहीच नाही. मी डबीच्या जाळीतून तीन तारा बाहेर काढून एक जुना लॅपटॉप लॉग फाइल लिहीत ठेवला. सॉफ्टवेअर कोसळलं असतं तर 'कर्नल पॅनिक'चा पसारा शेवटी दिसला असता. तसं काही नव्हतं. साधी ओळ अर्ध्या शब्दात तुटलेली, आणि लगेच खाली यू-बूटची पहिली ओळ. असं वॉचडॉगनेही (अडकलेला राउटर आपोआप रीस्टार्ट करणारी यंत्रणा) होऊ शकतं, पण संशय आधी विजेवर घ्यावा. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर मोकळा मोजला तर १२ दाखवत होता; दोन्ही वायफाय भरात असताना मोजला तर आकडा घसरत होता. अडॅप्टर बदलला आणि रीस्टार्ट थांबले. तोवर घरात फर्मवेअर बदलण्याची, नवा राउटर घेण्याची, सगळी चर्चा होऊन गेली होती.

टिकाऊपणाचं म्हणाल तर मॉड्यूलला काही झालेलं नाही. यूएसबीचं टोक घट्ट आहे, टीएक्स-आरएक्सचे बारीक दिवे अजून लागतात आणि निदानाला फार कामाला येतात. सोबतच्या जंपर वायर मात्र ढिल्या झाल्या. पावसाळ्यात मधेच कचरा अक्षरं यायला लागली ती त्यामुळेच. नवीन वायर घेतल्या की झालं, पण चांगल्या घ्या, आणि एक वीतभर लांबीच्याच.

कन्सोल कायम बाहेर काढून ठेवणार असाल तर एवढं करा : ओपनडब्ल्यूआरटीमध्ये सीरियलवर एंटर दाबताच पासवर्ड न विचारता रूट, म्हणजे पूर्ण अधिकार, मिळतं. सिस्टिम सेटिंगमध्ये टीटीवायलॉगिन १ केलं की तिथेही पासवर्ड लागतो.

दोन कामांना हे मॉड्यूल पुरत नाही. रॉकचिप कंपनीच्या चिपवरचे बोर्ड १५,००,००० च्या वेगाने बोलतात, साध्या सीपी२१०२ ची मर्यादा त्याच्या आत आहे. तिथे सीपी२१०२एन किंवा एफटी२३२ लागेल. आणि काही बोर्डांचा कन्सोल १.८ व्होल्टचा असतो, त्याला मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन बाजूंचं व्होल्टेज जुळवणारा भाग) लावल्याशिवाय जोडू नये. माझी पुढची खरेदी तोच आहे.